चौदावा क्रमांक

सुपेला, भिलाई
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय चंपत यास हेमराजचा नमस्कार.

आधी हिशोब सांगतो, मग खुशाली. आपल्या धीमी सायकलच्या फाईलीला आजवर काय काय लागलं ते काल बसून मोजलं. रायपूरच्या एकोणीस खेपा. सात शपथपत्रं. चोवीस पासपोर्ट फोटो, कारण दर खेपेला माझे केस कमी आणि बाबू म्हणतो, ये आप नहीं लगते. दोन वर्षं दोन महिने. आणि एक दाढ, ती बसमध्ये फुटाणे खाताना कुम्हारीच्या ब्रेकरवर गेली. तुझं माझं बोलणं बंद झालं ते यात धरलेलं नाही. ते कशात धरायचं मला समजत नाही.

तुझी आणि कमलावहिनीची तब्येत ठीक असेल. आमच्याकडे सगळे मजेत. उद्या छेरछेरा, पोट्टे धान मागत दारोदार फिरतील, सून गीतांजलीने परात भरून ठेवली आहे. दुकान बरं चाललंय. गिअरच्या सायकली खपतात, पण दुरुस्तीला येते ती जुनी काळीच.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. सुपेल्याहून इथल्या इथे बोरसीला पत्र टाकतो म्हटल्यावर पोस्टातली बाई माझ्याकडे बघून राहिली होती. पण मी तीनदा येऊन गेलो रे. दोनदा वहिनी म्हणाल्या, "ते झोपून राहिले जी," आणि आतून टीव्हीचा आवाज हळूहळू कमी होत गेला. माझे कान तुला माहीत आहेत. झोपलेला माणूस रिमोट दाबत नाही. तिसऱ्या खेपेला मी कडी वाजवलीच नाही. फाटकाला हात लावून परत आलो.

असो. बातमी मोठी आहे. शनिवारी, २२ फेब्रुवारीला रायपुरात समिती बसणार आहे आणि आपल्याला प्रात्यक्षिकाला बोलावलं आहे. त्यांना पटलं तर धीमी सायकल हा मान्यताप्राप्त खेळ. मग प्रमाणपत्राला किंमत. भूमिका ज्या भरतीची तयारी करते आहे तिथे खेळाचे गुण धरतात, पण मान्यता असलेल्या खेळाचेच. म्हणजे ही फाईल माझी कमी आणि तुझ्या पोरीची जास्त आहे.

समितीपुढे काय बोलायचं त्याचा सराव करून राहिलो. तुझ्यावर करून बघतो, कुठे चुकलं ते सांग.

तीस मीटर लांब आणि एक मीटर रुंद पट्टा, चुन्याने आखलेला. सायकलवर बसून जितकं हळू जमेल तितकं हळू पलीकडे जायचं. पाय टेकला, बाद. चाक रेषेबाहेर गेलं, बाद. मागे सरकलं, बाद. बाद न होता जो सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला. सेक्टरच्या मैदानावर पंधरा ऑगस्टला हे कधीपासून व्हायचं, लिंबू-चमचा आणि पोत्याच्या शर्यतीच्या मधे, बायकापोरांना हसायला. तो हसायचा विषय नाही हे तू दाखवलंस. तू पोलाद कारखान्यातला क्रेनवाला. वितळलेल्या पोलादाची बादली लोकांच्या डोक्यावरून न्यायची, एक झटका बसला तर खाली माणसं. हळू जाणं हे काम आहे हे तुझ्या हातांना ठाऊक होतं. अकरा वर्षं तू शेवटी आलास आणि अकरा वर्षं कप तुझ्या क्वार्टरमध्ये गेला.

आणि पंच मी. पट्ट्याकडे पाठ करून उभा राहायचो, लोक हसायचे. पण डोळ्याला पाय दिसेपर्यंत तो परत पॅडलवर गेलेला असतो. मातीला चप्पल लागली की मला ऐकू येतं.

एवढं मी रायपूरला क्रीडा खात्याच्या साहेबांना मागच्या खेपेला सांगितलं. साहेब चांगले आहेत, पण त्यांनी असे प्रश्न विचारले की तेव्हापासून माझं डोकं जाग्यावर नाही.

"साठवणेजी, इसमें जीतता कौन है?"

"जो सबसे आखिर में आए, सर."

"तो जो आए ही नहीं, वो?"

खरंच, जो येतच नाही तो? तू पट्ट्याच्या मध्यावर उभा राहिलास आणि संध्याकाळ झाली तर तू जिंकलास का? आपण नियम लिहिताना हा विचार केला नव्हता, कारण तेव्हा सगळ्यांना दोनच्या शिफ्टला जायचं असायचं.

मग म्हणाले, "खेल में मेहनत होनी चाहिए. इसमें तो आदमी कुछ कर ही नहीं रहा."

मी म्हटलं, "सर, एक बार न करके देखिए."

हसले. चहा पाजला. पण घरी येताना मलाच वाटायला लागलं, हा खेळ आहे का? की आपण तुझ्या एका सवयीला खेळ म्हणून राहिलो? सांग तूच.

एक गोष्ट मात्र त्यांना मानावी लागली. राज्याचा संघ म्हणायला जिल्हे लागतात, आणि आपला संघ नऊ जिल्ह्यांत आहे. राजनांदगाव, बालोद, बेमेतरा, धमतरी, कवर्धा, सगळीकडे सचिव, शिक्का, लेटरहेड. कारखान्याच्या बोरिया गेटच्या बाहेर पंक्चरची पेटी घेऊन बसलेल्या माणसाने नऊ जिल्हे उभे केले. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तर मागणं एवढंच. २२ तारखेला भूमिकाला पाठव. तिच्यासारखी सायकल दुसरं कोणी चालवत नाही. तूही ये, उपाध्यक्ष आहेस.

नोव्हेंबरच्या स्पर्धेची प्रमाणपत्रं डिसेंबरात सगळ्यांच्या घरी गेली. भूमिकाचंही पोचलं असेल. छपाईत काही इकडचं तिकडे झालं असेल तर बघता येईल. आता तो विषय नको.

वहिनींना नमस्कार. टीव्हीचा आवाज कमी करत जाऊ नको, मला राग नाही.

तुझा
हेमराज

—

सुपेला
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय चंपत,

पाकीट मिळालं. वरचं अक्षर तुझं पाहून दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं आणि फोडलं. आत पत्र नाही, नमस्कार नाही. भूमिकाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स. "कु. भूमिका चंपत लांजेवार. खुला गट. वेळ २ मिनिटे ४१ सेकंद. क्रमांक चौदावा." खाली अध्यक्ष म्हणून माझी छापील सही.

चौदा जण पट्टा पार करून गेले होते, त्यात चौदावा.

आता विषय नको म्हणून चालणार नाही. झालं कसं ते सांगतो.

मैदानावर काही चुकलं नव्हतं हे तुला मान्य आहे. सुवर्णपदक मी भूमिकाच्याच गळ्यात घातलं, तू टाळ्या वाजवल्यास. चुकलं ते कागदावर. वेळांची यादी करायला आपण भैय्याजींना बसवलं होतं. भैय्याजी टाइम ऑफिसातले, तेहतीस वर्षं गेटवरच्या हजेरीत गेली. जो आधी आला त्याचं नाव वर, उशिरा आला तो खाली. त्यांनी तशीच यादी केली. सगळ्यात कमी वेळ सगळ्यात वर, आणि अनुक्रमांकाच्या रकान्याला नाव दिलं "क्रमांक." त्या यादीवरून प्रमाणपत्रं छापली, तीच यादी रायपूरच्या फाईलीत लागली.

तुझी झेरॉक्स घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात मेथी निवडत बसले होते.

"भैय्याजी, हे काय करून ठेवलं?"

"काय केलं? सतरा सेकंदवाला वर, दोन मिनिटवाली खाली. बरोबर त हाये."

"अहो, आपल्या खेळात उशिरा येणारा पहिला असते."

"ते मैदानात जी. कागदावर कसा राहील?"

"मैदानात जो पहिला तोच कागदावर पहिला."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "मले त त्या पोरीचं वाईटच वाटलं होतं, हेमराजभाऊ," म्हणाले. "एवढी उशिरा आली. म्हणून लाल शाई नाही वापरली मी."

चंपत, सांग, या माणसावर रागवायचं कसं?

आता सतरा सेकंदवाला कोण ते तुला माहीतच आहे. माझा नातू अंकुर. त्याला मी बळंच उतरवलं होतं, चौदा पूर्ण व्हावेत म्हणून. तो घाबरून सुसाट पलीकडे गेला, सगळे हसले, तोही हसला. त्याच्या प्रमाणपत्रावर "क्रमांक पहिला." गीतांजलीने त्याला फ्रेम केली आहे. पाहुणे आले की आधी तिकडे नेते. अंकुर परवा माझ्यासमोर येऊन बसला.

"आजोबा, मैं जीता कि हारा, एक बार फायनल कर दो. कॉलेजमध्ये सर विचारून राहिले."

"तुला काय वाटते?"

"मुझे तो लगा था हारा. फिर सर्टिफिकेट आया. फिर मम्मी रोई खुशी से. अब मुझे कुछ नहीं लगता."

मला पण काही वाटेनासं झालंय. रोज सकाळी हा गुंता सोडवायला घेतो आणि दुपारपर्यंत दोऱ्याचं टोक हातातून जातं. बघ, तुला जमतं का. यादी दुरुस्त करा म्हणून आत्ता रायपूरला लिहिलं, तर समिती म्हणणार, ज्या संघाला स्वतःच्या खेळात पहिला आणि शेवटचा कळत नाही त्याला मान्यता कशाची? फाईल परत. मान्यता नाही म्हणजे भूमिकाचा पहिला क्रमांक दुरुस्त होऊनही बिनकामाचा, भरतीत शून्य गुण. आणि नाही लिहिलं, तर मान्यता मिळेल, प्रमाणपत्राला किंमत येईल, पण तिच्या हातात प्रमाणपत्र चौदाव्याचं. म्हणजे खरं बोललो तर तिचं नुकसान, आणि नाही बोललो तर तिचंच. मी सायकलचं चाक आऊट झालं तर कानाने सांगतो, कोणती तार सैल ते. इथे सगळ्याच तारा सारख्या वाजतात.

म्हणून माझं मत असं, की २२ तारीख होऊ दे. मान्यतेचा कागद हातात आला की दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीचं पत्र देतो. तोवर आपण दोघांनी गप्प राहायचं. तीन आठवडे फक्त. भरतीचे फॉर्म पंधरा मार्चपर्यंत आहेत, वेळ आहे.

तू म्हणशील, यादीवर सही करताना तुझे डोळे कुठे होते? घाई होती रे. मांडव उतरत होता, जेवणं व्हायची होती, रायपूरहून आलेल्या निरीक्षकांना बस गाठायची होती. न वाचता सही केली. आयुष्यात पहिल्यांदा.

भूमिकाला पाठव. हात जोडतो.

तुझा
हेमराज

ता.क. झेरॉक्सबरोबर दोन ओळी लिहिल्या असत्यास तरी चाललं असतं. शिव्या असत्या तरी.

—

सुपेला
रविवार, ९ मार्च २०२५

चंपत,

दोन आठवडे लिहायला बसतो आणि उठतो. भूमिकाने घरी किती सांगितलं मला माहीत नाही. माझ्याकडून ऐक.

२२ तारखेला सकाळी मी टेम्पोत सायकली चढवत होतो. तू येणार नाहीस हे धरून चाललो होतो, भूमिकाचंही धरून चाललो होतो. तर ती तुझ्या जुन्या काळ्या सायकलवर समोरून आली. टेम्पोजवळ थांबली, पण पाय टेकला नाही. तशीच सीटवर बसून माझ्याशी बोलत राहिली.

"काका, बाबाले लिहिलेली दोन्ही पत्रं मी वाचली."

"त्याने दिली?"

"नाही. ते चष्मा लावून दोनदा वाचते, अन् मग म्हणते, याच्यात काही नाही."

"मग तू कावून आली?"

"सायकल चालवाले. दुसरं काय?"

तिच्यावर रागावू नको. ती पुढे आमच्याजवळ बसली. अंकुर मागे सायकली धरून बसला होता. भैय्याजींनी कुम्हारीपर्यंत मेथीचे भाव सांगितले.

तिथे सिमेंटचं अंगण होतं. पट्टा आखला. समितीत तीन जण, अध्यक्ष एक मॅडम, त्यांच्या हातात स्टॉपवॉच. मी पाठ केलेलं सगळं बोललो, बादली, क्रेन, अकरा वर्षं. मग भूमिका.

कशी चालवली ते मी पाहिलं नाही, तुला माहीत आहे मी पाठ करून उभा राहतो. ऐकलं ते सांगतो. काहीच ऐकू आलं नाही. साखळी नाही, चाक नाही. मध्ये समितीतला एक जण उठून चहा सांगायला गेला, त्याच्या बुटांचा आवाज गेला आणि परत आला, तरी ती पट्ट्यातच होती. कोणीतरी हळूच म्हणालं, "गिरेगी." ती पडली नाही. तीन मिनिटं सहा सेकंद. नोव्हेंबरपेक्षा पंचवीस जास्त. मॅडम टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. मी वळलो, तर तिचा चेहरा तुझ्यासारखा होता, क्रेनवरून उतरल्यावर व्हायचा तसा. काही झालंच नाही असा.

आणि मग फाईल उघडली गेली.

"ये बिटिया कौन से नंबर की है?"

दुसऱ्याने यादीवरून बोट खाली खाली नेलं. "चौदहवीं, मॅडम."

"चौदहवीं ऐसी है? तो पहला वाला कैसा होगा?"

तुला हसू येत असेल तर हस. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

"अंकुर साठवणे कौन है? आया है?"

अंकुर टेम्पोजवळ हवा भरत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मी मान हलवली असती तर तो गेला नसता, पण कोणत्या बाजूने हलवायची ते मला समजेना. तो सायकलवर बसला. सतरा सेकंदांचा पोरगा त्या दिवशी तेरात पलीकडे.

मॅडम घड्याळाकडे बघत राहिल्या. "ये बेहतर हुआ," म्हणाल्या, "कि खराब?"

भैय्याजी माझ्या आधी उठले. "मॅडम, आज हवा पीछे से थी." बिचाऱ्याने मला वाचवायला म्हटलं. मॅडमनी झाडाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं.

चंपत, अजूनही सांभाळून घेता आलं असतं. पोरगा आजारी आहे म्हटलं असतं तरी खपलं असतं. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी बोलून मी दुकान वाढवलं, मला तेवढं जमतं. पण भूमिका काही बोलेना. ती पट्ट्याच्या टोकाशी सायकल हातात धरून उभी होती, आणि तिच्या गप्प राहण्यातून मला समजलं की ती माझ्या तीन आठवड्यांच्या गप्प राहण्याचा मान ठेवून राहिली. तिच्या बापाशी मी केलेला सौदा ती पाळत होती. तिच्याशी तर मी काही बोललोही नव्हतो.

मी म्हटलं, "मॅडम, यादी उलटी आहे. चौदावी ती पहिली आहे. आणि पहिला तो माझा नातू आहे."

"तो आपने साइन कैसे किया?"

तिथे मी जे उत्तर दिलं तेच तुला द्यायचं राहिलं होतं. मागच्या पत्रात मी तुला लिहिलं, न वाचता सही केली. ते खरं आहे, वाचलं नव्हतं. माझा चष्मा गाडीत होता, म्हणून भैय्याजींनी यादी मला वाचून दाखवली. पहिल्यापासून. "क्रमांक एक, अंकुर साठवणे." माझ्या कानांनी ते ऐकलं. चूक आहे हे त्याच क्षणी समजलं. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, "परत वाचा." त्यांनी परत वाचलं. "क्रमांक एक, अंकुर साठवणे." मग मी पेन मागितला.

का केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. अंकुरला त्यातून काही मिळणार नव्हतं, भूमिकाचं काही काढून घ्यावं असं मनात नव्हतं. तुला आठवतं, चौऱ्याऐंशी साली आपण दोघं गेटवर भरतीची यादी बघायला गेलो होतो? तुझं नाव होतं. मी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. तू म्हणालास, "पुढच्या खेपेला लागेल." पुढच्या खेपेला लागलं नाही, म्हणून पंक्चरची पेटी. लोकांना मी सांगतो, बरं झालं, नाहीतर नोकर झालो असतो. खरंही आहे. पण आमच्या घरातलं नाव कोणत्याच यादीत सगळ्यात वर कोणी वाचलं नव्हतं. मला ते दोनदा ऐकायचं होतं. ऐकल्यावर खोडायला हात उचलेना. वाटलं, उद्या सांगू. उद्या सांगू म्हणता म्हणता डिसेंबर झाला आणि ते कागद तुझ्या घरी पोचले.

हे मी मॅडमना तीन वाक्यांत सांगितलं, तुला जास्त लागली. त्या रागावल्या नाहीत. उलट हळू आवाजात म्हणाल्या, "खेल अच्छा है, साठवणेजी. मगर पहले आप लोग तय कर लीजिए कि पहला कौन है." फाईल परत दिली. दुरुस्तीचा ठराव करा, त्यावर संघाच्या तीन पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्या, मग नव्याने अर्ज. समिती आता वर्षाने बसेल.

म्हणजे पंधरा मार्चच्या फॉर्मात भूमिकाला खेळाचे गुण नाहीत. हे माझ्यामुळे. यात भैय्याजींचं काही नाही.

परतताना टेम्पोत मी तिला म्हटलं, "बाई, तुझं मोठं नुकसान केलं मी."

"गुणांचं म्हणता का?"

"हो."

"ते अभ्यास करून आणता येतीन, काका." थोड्या वेळाने म्हणाली, "पण डिसेंबरात तो कागद आला ना, तवा बाबाने पदक डब्यात ठेवलं. कोणी आलं तर दाखवत नव्हते. कागद काहीतरी वेगळंच म्हणते, मग पदक खोटं असंन, असं वाटलं त्याईले. मलेही वाटलं. पट्ट्यात मी खरंच उशिरा आली होती ना, म्हून."

मी तिच्याकडे पाहायला तयार नव्हतो. अंकुर मागून म्हणाला, "भूमिका, तू जीती थी. मैं वहीं था, मैंने देखा था." तीन महिन्यांत एवढं सरळ वाक्य आमच्यापैकी कोणी बोललं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने स्वतः फ्रेम उतरवली. गीतांजली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आता भाजीत मीठ विचारते.

आज ठरावासाठी सर्वसाधारण सभा बोलावली होती, दुकानातच, अकरा वाजता. सगळ्या जिल्ह्यांच्या सचिवांना आठ दिवस आधी फोन केले. कवर्ध्याचा म्हणाला, लग्न आहे. धमतरीचा म्हणाला, टायरचा माल कधी पाठवता. राजनांदगावच्याने विचारलं, "कौन सा संघ, भैया?" त्याच्या गल्ल्यात शिक्का मीच ठेवून आलो होतो, तो अजून प्लास्टिकमध्येच असणार. एक वाजेपर्यंत वाट पाहिली. मागवलेले समोसे भैय्याजींनी आणि मी खाल्ले.

ठराव सोबत पाठवतो. भैय्याजींनी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. "दि. १७ नोव्हेंबर २०२४ च्या स्पर्धेत कु. भूमिका चंपत लांजेवार यांचा क्रमांक पहिला." लिहिताना दोनदा थांबून मला विचारलं, "नक्की ना?" वेळ जास्त तो वर, असं आता त्यांच्या डायरीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आहे.

दोन सह्या झाल्या, माझी आणि सचिव म्हणून भैय्याजींची. तिसरी जागा उपाध्यक्षाची, म्हणजे तुझी. तुझी सही आली की नवं प्रमाणपत्र छापतो. भरतीत त्याला किंमत नाही, ते मी वर लिहिलंच आहे. सही केलीस म्हणजे माझ्याशी बोलायला पाहिजे असं नाही. आणि करावीशी वाटली नाही तर कागद तसाच परत पाठव, झेरॉक्स नको. मला समजेल.

वहिनींना नमस्कार. भूमिकाच्या अभ्यासाला आशीर्वाद.

तुझा
हेमराज साठवणे
अध्यक्ष, छत्तीसगड राज्य धीमी सायकल संघ
आजच्या सभेला हजर: दोन